जळीत वॉर्डात रात्री किती सिस्टर असतात?

८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका कारखान्यात आग लागली. कामावर बहुतेक बायका होत्या. त्या दिवशी सहा मृत्यूंची बातमी आली आणि पुढचे कित्येक दिवस तो आकडा वाढत राहिला. आगीतून जिवंत बाहेर आलेल्या बायका दवाखान्यात जात होत्या. त्याआधी, ७ जून २०२१ ला मुळशीतल्या उरवड्याच्या कारखान्याला आग लागली होती. तिथेही मृतांत बहुतेक बायकाच. दोन्ही वेळा पुण्यात चर्चा झाली ती सारखीच. परवाना कुणी दिला, नुकसानभरपाई किती, आणि मग ठरलेला मुद्दा: पुण्यासारख्या शहराला स्वतंत्र, अत्याधुनिक जळीत रुग्णालय हवं. एक बाजू म्हणते सरकारने बांधावं, दुसरी म्हणते जागा द्या, खासगीवाले उत्तम चालवतील. किती खाटा, किती व्हेंटिलेटर, ऑपरेशन थिएटर कसं, यावर दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात. त्या वॉर्डात रात्रीच्या पाळीला किती सिस्टर असतील, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं, की मोठ्या प्रमाणावर भाजलेला माणूस वाचतो की नाही, आणि वाचला तर पुढे हात-मान हलवू शकतो की नाही, हे बरंचसं दर तासाला त्याच्याजवळ येणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेवर ठरतं. खाट ही लोखंडाची वस्तू आहे. एका खाटेमागे किती परिचारिका हे ठरवल्याशिवाय 'पन्नास खाटांचं जळीत रुग्णालय' या शब्दांना काही अर्थच येत नाही.

हे भावनेच्या भरात म्हणत नाही, हिशेबच करू. साठ किलो वजनाची बाई चाळीस टक्के भाजून आली, तर भाजलेल्याला किती सलाईन द्यायचं हे ठरवणाऱ्या पार्कलँडच्या सूत्राप्रमाणे चार मिलिलिटर गुणिले वजन साठ गुणिले भाजल्याची टक्केवारी चाळीस, म्हणजे ९,६०० मिलिलिटर, साडेनऊ लिटरहून जास्त सलाईन पहिल्या चोवीस तासांत जायला हवं. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. हे आठ तास दवाखान्यात आल्यापासून नव्हे, भाजल्या क्षणापासून मोजायचे. भोर-वेल्ह्याकडून येताना दोन तास रस्त्यात गेले असतील तर हाताशी सहाच उरतात. हे सूत्र फोनवरसुद्धा मांडता येतं, पण ती फक्त सुरुवात असते. सलाईन पुरतंय की जास्त होतंय हे लघवीवरून कळतं. मोठ्या माणसाला ताशी किलोमागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे या बाईला तासाला तीसच्या आसपास लघवी व्हायला हवी. कमी झाली तर मूत्रपिंडं धोक्यात, फार जास्त झाली तर सलाईन गरजेपेक्षा जास्त जातंय. मग अंगावर सूज वाढते, फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणजे दर तासाला कुणीतरी येऊन पिशवीतलं माप बघायचं, लिहायचं आणि त्याप्रमाणे सलाईनचा वेग बदलायला लावायचा. त्याच वेळी बघायचं, की आवाज घोगरा होतोय का, थुंकीत काजळी आहे का, नाकातले केस करपलेत का, कारण श्वासनलिका आतून सुजत असेल तर वेळ फार थोडा असतो. हाताभोवती जळालेली कातडी कडक होऊन आवळत असेल तर बोटांची नखं दाबून पाहायची, रक्त परत फिरतंय का. हे सगळं करणारी व्यक्ती म्हणजे सिस्टर. डॉक्टर राउंडला येतात, सिस्टर तिथे असते.

असते का, हाच प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या चुलत वहिनीला गॅसच्या नळीतून गळती होऊन भडका उडाल्यावर पुण्यातल्या एका रुग्णालयात आणलं. गळा, छाती, दोन्ही हात. छत्तीस दिवस ती तिथे होती आणि बहुतेक रात्री मी थांबायचे. दुसऱ्या रात्री तिच्या तक्त्यावर एक ते पाच वाजेपर्यंतचे रकाने कोरे होते. सकाळी पाळी बदलायच्या आधी त्या सगळ्या रकान्यांत एकच आकडा लिहिला गेला: ३०. मला इतका संताप आला की मी तक्रारीचा कागदच काढून बसले. मग रात्र आठवली. चौदा रुग्ण आणि दोन सिस्टर. दीड वाजता सत्तर टक्के भाजलेला एक मुलगा आला आणि दोघी त्याच्याभोवती अडकल्या. कोरे रकाने तसेच ठेवले असते तर त्यांना नोटीस आली असती, म्हणून भरले. खोटा आकडा लिहिणं चूकच आहे आणि रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. पण तो आकडा लिहायला लावणारी पाळी कुणी आखली होती? मी तक्रार कुणाच्या नावाने करणार होते?

त्याच वॉर्डातली दुसरी एक रात्र. वहिनीची मान अवघडत होती, झोप येत नव्हती, म्हणून मी घरून आणलेली मऊ उशी तिच्या डोक्याखाली दिली. तिला बरं वाटलं, डोळा लागला. अडीच वाजता सिस्टर आल्या आणि उशी बघून थांबल्या. "ही कुणी दिली?" मी म्हटलं, मीच. त्यांनी काही न बोलता उशी काढली, एका चादरीची गुंडाळी करून खांद्यांखाली सरकवली, म्हणजे मान मागे ताणून राहील. वहिनी कण्हली. मला त्या क्षणी ती बाई दगडाच्या काळजाची वाटली. मग त्या मला दाराशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "ताई, आज तुम्ही उशी दिलीत तर तिला आज बरं वाटेल. जखम भरताना कातडी आखडते. दोन महिन्यांनी हनुवटी छातीला चिकटली की मान वर करायला पुन्हा ऑपरेशन लागेल." पलीकडच्या रांगेत एक बाई जुन्या भाजण्यावरच्या ऑपरेशनसाठी आली होती. तिचा खालचा ओठ ओढला जाऊन दात उघडे पडले होते, तोंड मिटत नव्हतं. तिच्या घरच्यांनीही मायेने उशीच दिली असणार.

म्हणून 'आपल्याकडे नातेवाईक असतात की, ते करतात सेवा' हा युक्तिवाद मला मान्य होत नाही. त्यात तथ्य आहे हे कबूल करते. घरचं माणूस भरवतं, धीर देतं, रात्री हाक मारली की ओ देतं, आणि भाजलेल्या माणसाला रोज जेवढं प्रथिन पोटात जायला हवं तेवढं अंडं-दूध-डाळ गोडीगुलाबीने घालायला आईसारखं कुणी नाही. पण माया आणि कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी तीन आठवडे रोज हात धुऊन, गाऊन चढवून आत जात होते, आणि तरी एकदा वहिनीची पट्टी सरकली म्हणून बोटाने नीट केली. कातडी गेली म्हणजे शरीराचा कोटच पडला. पट्टीवर हिरवट डाग आणि एक विचित्र गोडसर वास आला की तो जंतुसंसर्ग असतो, हे सिस्टरांना लांबूनच कळतं. मला तो औषधाचा वास वाटला होता.

आता सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येते. प्लास्टिक सर्जन मंडळी म्हणतात, की जळीत उपचारांत क्रांती झाली ती शस्त्रक्रियेने. स्लोव्हेनियातल्या झोरा यान्झेकोविच या डॉक्टर बाईंनी १९७० मध्ये, जळालेली कातडी आपोआप सुटून पडण्याची वाट न बघता पहिल्या काही दिवसांतच थर-थर छिलून काढायची आणि लगेच नवी कातडी लावायची, ही पद्धत जगापुढे मांडली. त्यामुळे जंतुसंसर्ग आणि मृत्यू कमी झाले, यात शंका नाही. त्वचापेढ्यांचंही तसंच. मृत्यूनंतर काही तासांत मांड्या-पाठीवरची पातळ कातडी काढून ग्लिसरॉलमध्ये साठवतात आणि ती रक्तगट न जुळवता कुणालाही तात्पुरती लावता येते. हे वाढायलाच हवं, त्वचादानाचे अर्ज घरोघर जायला हवेत. पण शस्त्रक्रिया तीन तासांत संपते. लावलेली कातडी रुजते की नाही ते पुढच्या पाच-सात दिवसांत ठरतं. ती जागा हलता कामा नये, खाली रक्त साचता कामा नये, पट्टी ओली राहता कामा नये, झोपेत पाय दुमडता कामा नये. कोपरापासून मनगटापर्यंत लावलेली कातडी एका बेसावध रात्रीत सुटते, आणि मग मांडीवरून पुन्हा काढायची तर मांडीवर जागा उरलेली नसते. सर्जनचं काम वाया जाऊ नये असं ज्याला वाटतं त्याने तर सर्वांत आधी परिचारिका मागायला हव्यात.

इतिहासही हेच सांगतो, फक्त आपण तो अर्धाच वाचतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात आर्चिबाल्ड मॅकिंडो या सर्जनने जळालेल्या वैमानिकांचे चेहरे आणि हात पुन्हा घडवले. त्याचं नाव राहिलं आणि ते योग्यच. पण त्याच्या उपचारांचा पाया काय होता? जळालेले जे वैमानिक समुद्रात पडले त्यांच्या जखमा जास्त चांगल्या भरतात, हे त्याने हेरलं आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या टबात रुग्णांना रोज ठेवायला सुरुवात केली. टब भरणं, पाण्याचा उबदारपणा सांभाळणं, ज्याच्या अंगाला हात लावणं कठीण अशा माणसाला उचलून आत ठेवणं आणि बाहेर काढणं, भिजलेली पट्टी अलगद सोडवणं, हे रोज, महिनोन्‌महिने कुणी केलं? त्या रुग्णांनी १९४१ मध्ये 'गिनी पिग क्लब' काढला, युद्ध संपेपर्यंत त्याचे ६४९ सभासद झाले. एवढी माणसं पुन्हा जगात वावरायला लागली ती तीस-चाळीस ऑपरेशनांच्या मधल्या लांबलचक दिवसांत कुणीतरी त्यांना सांभाळलं म्हणून.

प्रतिबंधाचा मुद्दा थोडक्यात आटोपते, कारण त्यावर वादच नाही. रॉकेलचे स्टोव्ह गेले, गॅस आला, तसा एक प्रकारचा अपघात कमी झाला. भाजल्यावर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं आणि हळद, टूथपेस्ट, शाई यांतलं काही लावायचं नाही, हे प्रत्येक शाळेत शिकवावं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं मध्यम किंवा गंभीर भाजतात. आज रात्री जी येणार आहे तिला 'आधी काळजी घ्यायला हवी होती' हे सांगून काय मिळणार?

मग पैसा. आयसीयूत दर पाळीला एका रुग्णामागे एक परिचारिका हा आपल्या देशातलाच मान्य निकष आहे. दहा खाटांना तीन पाळ्यांत तीस, त्यावर साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा धरून चाळीसच्या वर. परवडणारं नाही, असं लेखाविभाग म्हणेल आणि आकडे बघता त्याचं म्हणणं उडवून लावता येणार नाही. भाजलेला रुग्ण बहुधा गरीब असतो, बिल भरून निघत नाही, म्हणून खासगी रुग्णालयं जळीत विभाग उघडायला कचरतात. हे सगळं खरं धरूनही दुसरी बाजू मांडते. मोठं ड्रेसिंग म्हणजे दोघीजणी आणि एक तास. आधी दुखणं कमी करायचं औषध देऊन ते भिनायची वाट बघायची, खोली उबदार ठेवायची कारण कातडी नसलेलं शरीर उघडं पडलं की गारठतं, चिकटलेली पट्टी भिजवून भिजवून सोडवायची, धुवायचं, मलम, जाळी, गॉज, पुन्हा बांधायचं. चौदा रुग्ण असले आणि दिवसपाळीला चार सिस्टर असल्या, तर दोन जोड्या, जोडीला सात ड्रेसिंग, सात तास. पाळी आठ तासांची. इंजेक्शनं, नळीतून जेवण, कूस बदलणं, नवा रुग्ण, पोलिसांचे कागद, हे उरलेल्या तासात? ते होत नाहीच, म्हणून औषध भिनायच्या आत पट्टी ओढली जाते. सकाळी दहाच्या सुमाराला त्या कॉरिडॉरमध्ये उभं राहिलेल्या कुणालाही ते किंचाळणं विसरता येत नाही. सिस्टर तुसड्या वागतात ही तक्रार मी शंभर वेळा ऐकली आहे, स्वतःही केली आहे. काही खरोखर तुसड्या असतात. पण दिवसाला सात माणसांना इच्छा नसताना वेदना देणारी बाई संध्याकाळपर्यंत मृदू कशी राहणार?

आणि स्वस्तात करायचं म्हटलं तरी हात लागतातच. मुंबईत सायनच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी केळीच्या पानांची ड्रेसिंग वापरून पाहिली आणि २००३ मध्ये ती संशोधनपत्रिकेत मांडली. पान गुळगुळीत, जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही, मिळतं सगळीकडे. आपल्या मातीतली अशी सुंदर गोष्ट क्वचितच सुचते. पण ती पानं निवडायची, पुसायची, गॉजवर चिकटवायची, निर्जंतुक करायची, हे करायला माणूस हवा. महाग ड्रेसिंग तीन दिवस तशीच ठेवता येते, स्वस्त ड्रेसिंग जास्त वेळा बदलावी लागते. म्हणजे गरीब रुग्णालयाला परिचारिका कमी नव्हे, जास्तच लागतात.

माझ्या मते हे सगळं आपल्याला दिसत नाही याचं एक कारण भाषेत आहे. आपण या कामाला 'सेवा' म्हणतो. पुण्याइतकं सेवेचं कौतुक कुठे असेल? १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याहून आजारी पोराला पाठीवर घालून मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणलं आणि १० मार्चला त्याच प्लेगने त्या गेल्या. त्यांच्यापुढे मान झुकतेच. पण आपण त्यातून शिकलो काय? सेवा म्हणजे त्याग, आणि त्यागाचा हिशेब मागायचा नसतो, पगार विचारायचा नसतो, संख्या मोजायची नसते. याच शहरात रमाबाई रानड्यांनी सेवासदनातून नेमका उलटा रस्ता दाखवला होता. रुग्णाची घाण काढणं, परक्या पुरुषाला हात लावणं हे बाटवणारं काम मानलं जायचं, त्या काळात त्यांनी विधवा मुलींना नर्सिंग शिकायला उभं केलं. शिक्षण, परीक्षा, कमाई. नावात 'सेवा' होती, तरी काम व्यवसायाचं होतं.

शंभर वर्षांनंतर आपण कुठे आहोत? २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं, की दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतका पगार हवा आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही वीस हजारांच्या खाली नको. ओळखीतल्या एखाद्या सिस्टरला तिचा पगार विचारून बघा. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी बाहेरच्या एजन्सीमार्फत भरती करण्याविरुद्ध संप केला, तेव्हा चर्चा रुग्णांच्या हालांची झाली. हाल झाले, नाकारत नाही. पण जळिताचं काम हाताखाली शिकायला वर्ष-दोन वर्षं लागतात, अकरा महिन्यांच्या करारावर आलेली मुलगी शिकते आणि जाते, हा मुद्दा त्या गदारोळात कुणी ऐकला? आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत अकरा रुग्ण गेल्यावर ज्यांना अटक झाली त्यांत परिचारिका होत्या. दोषाची चौकशी व्हावी, पण वायरिंग आणि अग्निशमनाची यंत्रणा सिस्टरच्या ताब्यात असते का?

आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याच निकषात लिहिलेली नसते. एका निवृत्त परिसेविकेने, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख सिस्टरने, मला सांगितलं, की संध्याकाळी सासरची माणसं भोवती असताना बाई म्हणते 'चहा करताना पदर पेटला', आणि पहाटे तीनला सिस्टर तोंडात चमच्याने पाणी घालत असते तेव्हा म्हणते 'त्याने ओतलं'. मग डॉक्टरांना उठवायचं, ती बोलण्याच्या स्थितीत आहे का ते त्यांनी लिहायचं, पोलिसांना फोन, तिचा जबाब घ्यायला तहसीलदार येईपर्यंत तिला शुद्धीवर आणि एकटं ठेवायचं. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटच्या तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवलं गेलं, आठवडाभराने ती गेली, आणि सगळा महाराष्ट्र फाशीवर बोलत होता. राग रास्तच होता. पण ज्या बायका पेटवल्या जातात त्यांचा न्याय बऱ्याचदा त्या पहाटे तीन वाजता, कुणीतरी शेजारी बसायला मोकळं असण्यावर लटकलेला असतो.

त्यामुळे पुण्यात नवं जळीत रुग्णालय होणार असेल तर जरूर व्हावं. पण पायाभरणीच्या दिवशी नगरसेवकांना, आमदारांना, विश्वस्तांना एवढं विचारावं: मंजूर पदं किती, भरलेली किती, कायम किती, आणि प्रत्येक पाळीत एका सिस्टरकडे किती रुग्ण? वॉर्डाच्या दारावर फळा असावा आणि त्यावर रोज तीन वेळा खडूने दोन आकडे लिहिले जावेत, आजचे रुग्ण आणि या पाळीच्या सिस्टर. जुन्या वॉर्डांत हे उद्यापासून करता येईल, त्याला बांधकाम लागत नाही. आणि घरी सोडल्यानंतरचं एक वर्ष धरून पदं काढावीत, कारण काम तिथेही संपत नाही. वहिनीला घट्ट बसणारे कपडे दिले होते, व्रण उंचावू नयेत म्हणून दिवसाचे तेवीस तास घालायचे. भोरच्या उन्हाळ्यात, चुलीपुढे, अंगाला आग आणि खाज. महिन्याने तिने ते काढून ट्रंकेत ठेवले. तिला रागावायला, समजावायला, माप सैल झालंय का बघायला कुणीही आलं नाही. मान तिची सरळ आहे, आकाशाकडे बघते. उजवा कोपर मात्र अजून पूर्ण उघडत नाही, आणि फडताळावरचा डबा काढायला ती लेकीला हाक मारते.